डाव्या खांद्यातला कापूस

४ नोव्हेंबर

प्रिय लंबू,

अनेक आशीर्वाद. तुझा कोट मंगळवारी पोचला, आतली चिठ्ठीही पोचली. अक्षर अजून तसंच आहे तुझं. औषधांच्या दुकानातल्या माणसालाच लागावं असं. मी तीनदा वाचली, तेव्हा कुठे अर्थ लागला.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्याइतका नाही. दुकानात कामाला तोटा नाही. हल्ली नवीन कोणी शिवून घेत नाही. सगळे तयार कपडे आणतात आणि मग माझ्याकडे लांबी कमी करायला, कंबर वाढवायला येतात. आप्पा असते तर म्हणाले असते, दुसऱ्यांनी केलेली घाण निस्तरतेस. पण त्यातच दिवस बरा जातो.

आता कोटाबद्दल. लाज कशी वाटली नाही रे तुला? दोन्ही काखांत अस्तर फाटलंय, आतल्या खिशामागे चाळण झालीये, आणि खालच्या कडेला तू चक्क स्टेपलर मारलायस. शिंप्याचा मुलगा आणि कोटाला स्टेपलर! मी पिना काढताना मोजल्या, अकरा निघाल्या. वरचं कापड मात्र ठणठणीत आहे. बावीस वर्षांत एक धागा सैल झालेला नाही.

अस्तर गडद तपकिरी आणलंय. दुकानदार मला चकचकीत दाखवत होता. त्याला म्हटलं, बाबा, बाही सरकन गेली पाहिजे, पण हिवाळ्यात पाठीला गार लागता कामा नये. तो म्हणाला, बाई, असं कोणी बघत नाही आता. मी म्हटलं, मी बघते.

माझ्या भाचीसाठी, तुझ्या लेकीसाठी आहे म्हणतोस. इतकं शिकून आता व्हायोलिनं दुरुस्त करायला शिकायला जाणार, म्हणून तू तिच्याशी महिनाभर बोललेला नाहीस, हे वाचून मला हसू आलं. रागावू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आपल्या घरात तर पीळ पुढच्या पिढीला देऊन टाकतात. आणि वर तू लिहिलंयस, "आप्पांनी मला पाठवला तसाच मी तिला हा कोट देणार. एक शब्द न बोलता. तिला कळेल."

तुझ्या बाकीच्या सूचना वाचल्या. आप्पांच्या टाक्यांना हात लावायचा नाही, जुनं अस्तर टाकायचं नाही, तुला परत पाठवायचं. तिचे खांदे सरळ आहेत, तेवढं बघायचं. बघते. घाई करू नकोस. आणि तिला त्या कोटाची गोष्ट अजून सांगितली नसशील, तर एवढ्यात सांगू नकोस. का ते विचारू नकोस. कामाचा रगाडा आहे, सविस्तर नंतर लिहीन.

वहिनीला नमस्कार, भाचीला माझ्याकडून पाठीत एक धपाटा.

तुझी
ताई


१५ नोव्हेंबर

प्रिय लंबू,

आशीर्वाद. तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. दुकानात मी एकटी होते आणि समोर तुझा कोट उताणा पडला होता.

अंगाचं अस्तर उसवून झालं. बाह्या राहिल्यात, त्या मी शेवटी काढते. जुना तुकडा टाकून द्यायचा नसतोच, तू सांगितलं नसतंस तरी. प्रत्येक तुकडा इस्त्रीने सपाट करायचा, नव्या कापडावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती खडू फिरवायचा. तोच आपला नमुना. पाठीला मधोमध एक चुणी जास्तीची ठेवायची असते. माणूस हात पुढे करतो, तेव्हा वरचं कापड थोडं ताणतं, पण अस्तर ताणत नाही, फाटतं. म्हणून त्याला आत जागा ठेवायची. आप्पा हे सांगताना माझ्या पाठीवर बोट ओढायचे.

हे सगळं तुला कशाला सांगतेय? कारण दुसरं सांगायचं आहे आणि ते हातून उतरत नाही. खडूच फिरवत बसलेय.

तुला आठवतो तो दिवस. आप्पांनी तुला न विचारता पाटीवर "आणि चिरंजीव" रंगवून घेतलं होतं, आणि त्याच आठवड्यात तू नोकरीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलंस. तू म्हणालास, "मला आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजायच्या नाहीत." आप्पा म्हणाले, "मग माझ्या हातचं अंगावरही घालू नकोस." तू तिथल्या तिथे सदरा काढलास, टेबलावर टाकलास आणि नुसत्या बनियनवर घरी गेलास. रस्त्यातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पाटीवरचे ते दोन शब्द रंगाने झाकले. अजून उन्हात ते खालून दिसतात.

वर्षाने तू लिहिलंस, इथे थंडी हाडं फोडते. मी आप्पांना वाचून दाखवलं. ते मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. आणि दोन महिन्यांनी तुला कोटाचं पार्सल आलं, माझ्या चिठ्ठीसकट. "आप्पांनी शिवलाय. तू काही बोलू नकोस, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे."

लंबू, तो कोट आप्पांनी शिवला नव्हता. मी शिवला. रोज दुपारी दोन ते चार आप्पा घरी पडायला जायचे, तेव्हा. तुझा तो टाकलेला सदरा मी कपाटात जपून ठेवला होता, त्यावरून माप घेतलं. पूर्ण कोट तोपर्यंत मी एकदाही शिवला नव्हता. तयार झालेलं काम जिथे लटकवायचो, तिथे सगळ्यात मागे, मालक विसरून गेलेल्या कपड्यांच्या आड मी तो लपवायचे.

मी हे का केलं, तर तुम्ही दोघं एकमेकांसाठी झुरत होता आणि मला बघवत नव्हतं. आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते, हेही खरं.

म्हणजे तू जे टाके जप म्हणतोस, ते माझे आहेत. आप्पांनी तुला शब्दाने माफ केलं नाही आणि मुकाट्यानेही नाही. बावीस वर्षं तू ज्याच्या आधाराने राहिलास, ते मी रचलं होतं. तू याच गोष्टीवर विसंबून भाचीशी न बोलता तिला कोट देणार, म्हणून मला सांगणं भाग पडलं. नाहीतर मी हे माझ्याबरोबरच नेलं असतं.

रागाव. पण फोन कर, मी आता लगेच ठेवणार नाही.

ताई


२६ नोव्हेंबर

प्रिय लंबू,

अकरा दिवस झाले, तुझा फोन नाही. मी केला तर वहिनी म्हणाली, बाहेर गेलेत. मागे तुझा खोकला ऐकू येत होता. मी फोन ठेवला. मला काही म्हणायचा हक्क तरी काय?

आज लिहितेय ते तुला मनवायला नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते चुकीचं निघालं. आणि त्यात एक गोष्ट मी मुद्दामच लिहिली नव्हती. दोन्ही आता लिहिते. हे पत्र कोटाबरोबर येईल, त्यामुळे आधी पत्र वाच, मग कोटाला हात लाव.

गुरुवारी सकाळी मी बाह्यांचं अस्तर काढलं. उजवी झाली. खांद्यात मी घातलेली गादी दिसली, कापसाचा एकच थर, वर मांजरपाटाचा तुकडा, माझे टाके. वेडेवाकडे, पण माझे. मग डावीकडे आले. तिथे अस्तर मुंढ्याला, बाही अंगाला जोडतात त्या गोलाईत, जिथे शिवलेलं होतं, तिथलीच तुरपाई मला परकी वाटली. टाके उलट्या अंगाला कललेले. मला वाटलं, तू कधीतरी तिथल्या कोणाकडून दुरुस्त करून घेतलं असशील. उसवलं. आत माझी गादी होतीच, पण तिच्यावर आणखी दोन थर होते. कापूस निगुतीने पसरलेला, कडेला विरळ करत नेलेला, की बाहेरून उंचवटा दिसू नये. आणि दोऱ्याला कुठेही गाठ नाही. सुरुवातीला जागच्या जागी तीन टाके, शेवटाला तीन टाके.

गाठ न मारणारा आणि डाव्या हाताने शिवणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तुलाही.

 मग मला आठवलं. तू सात-आठ वर्षांचा असताना भिंतीवरून पडलास, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि ते वाकडं जुळलं. तेव्हापासून तुझा डावा खांदा बोटभर खाली आहे. आप्पा तुझ्या प्रत्येक कपड्याची डावी बाजू वेगळी कापायचे. मी काय केलं, तर सदऱ्याची उजवी बाजू मोजली, कापड दुहेरी घातलं आणि दोन्ही बाजू एकदमच कापल्या. नवशिका शिंपी करतो तीच चूक, आणि तीही स्वतःच्या भावाच्या कोटात. तू तो तसाच घातला असतास, तर डावीकडे छातीवर सुरकुती पडून कोट लोंबला असता. तो तसा लोंबला नाही, कारण कोणीतरी तो आधीच उघडून बघितला होता.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि काज-बटणवाल्या मावशींकडे गेले. आठवतात ना? आप्पांच्या वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून काजं करायच्या. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण तोंड शाबूत आहे. मी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खांद्यावरून त्यांचा हात फिरवला. त्या हसायलाच लागल्या.

"अगं, हा अजून आहे? माझ्याच टेबलावर बसून केलंय की त्याने हे. तू बाजारात गेली होतीस, बटणं आणायला."

"म्हणजे आप्पांना माहीत होतं?"

"शिंप्याच्या दुकानात कोट लपवतेस आणि म्हणतेस माहीत होतं का! मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी तू. पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला. रोज घरून आला की आधी मागे जायचा, किती झालं ते बघायचा. मला म्हणाला, पोरीने छान शिवलाय हो, खांदा तेवढा विसरली."

"मग मला का नाही बोलले?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. म्हणाला, तिला वाटू दे लपलंय. आणि म्हणाला, आता त्याचं पत्र आलं की बोलू."  मग मावशींचा आवाज बदलला. "नाहीच लिहिलं ना तुझ्या भावाने. एवढा कोट मिळाला, दोन ओळी खरडायला काय झालं होतं? तेव्हापासून माझ्या मनातून उतरला तो, खोटं कशाला बोलू?"

लंबू, आता ती दुसरी गोष्ट.

तू लिहिलं होतंस. पार्सल मिळाल्यावर दहा दिवसांत तुझं पाकीट आलं होतं, आप्पांच्या नावाचं. ते मी पोस्टमनकडून दारातच घेतलं आणि फोडलं. आप्पांच्या हाती पडलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. त्यात तू लिहिलं होतंस, "आप्पा, माझा खांदा तुमच्याशिवाय कोणालाच कळला नसता. घातल्या घातल्या ओळखलं. मी तेव्हा बोललो ते चुकलो." हे मी वाचलं आणि वाटलं, लंबू उगाच मोठेपणा देतोय, माझ्या कापलेल्या कोटाला कसला आलाय खांदा! ते पाकीट मी माझ्या सुयांच्या डब्याखाली ठेवून दिलं. आणि तुला उलट लिहिलं, "आप्पांनी वाचलं. काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला."

चष्मा पुसला, हे मी बसल्या जागी रचलं होतं. आप्पा गेल्यावर तू आलास, तेव्हा मला जवळ घेऊन तू तेच म्हणालास, "निदान चष्मा पुसला होता ना गं त्यांनी." मी मान हलवली. त्या मानेचं मला आजही काय करावं कळत नाही.

आप्पा जाईपर्यंत तू सहा वर्षं आला नाहीस, कारण तुला वाटत होतं की आता राग संपलाय, सवडीने जाऊ, बायको-मुलीला घेऊन जाऊ. तू निर्धास्त होतास आणि ते मी केलं होतं. आणि इकडे आप्पा. पोस्टमनची सायकल वाजली की मशीन थांबायचं. "काही आहे?" मी म्हणायचे, "आपलं काही नाही." एकदा त्यांनी विचारलं, मला त्यांचा आवाजसुद्धा आठवतो, अगदी सहज विचारल्यासारखा. "लंबू कोटाबिटाचं काही लिहितो का?" माझं धाबं दणाणलं. मला वाटलं, कुठून तरी कळलं, आता माझी खैर नाही. मी म्हटलं, "नाही हो, कसला कोट?"

ते "बरं" म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

इतकी वर्षं ती आठवण आली की मला वाटायचं, थोडक्यात वाचले. गुरुवारपासून मला कळतंय की ते मला पकडायला विचारत नव्हते. ते स्वतःसाठी विचारत होते. आपण केलेलं मुलाच्या अंगाला लागलं का, एवढंच त्या माणसाला ऐकायचं होतं. ते माझ्या सुयांच्या डब्याखाली पडून होतं. त्यांच्यापासून चार हातांवर.

कोट शिवला ते मला खुपत नाही. आप्पांनी शिवलाय असं खोटं लिहिलं तेही एक वेळ चालून गेलं असतं, कारण ते खरंच होतं, मला ठाऊक नव्हतं एवढंच. पण दोघांमध्ये मी दाराला पाठ लावून उभी राहिले, आणि तुम्ही दोघं त्या दारापर्यंत आला होता. मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते तुझ्याकडे मागणं मला जमत नाही. तुझ्या रागाचा मला त्रास होतोय, पण तो खोटा नाही, म्हणून सोसवतो.

ते पाकीट मी तुला परत पाठवत नाहीये. ते आप्पांच्या नावाचं आहे. तुला बघायचं असेल तर इथे येऊन बघ. मावशींना मात्र मी सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मग त्या मुलाला मी उगाच बोल लावत राहिले की गं." आणि त्यांनी मला चहा विचारला नाही. मावशींनी आजवर असं कधी केलं नव्हतं.

आता कोट. अस्तर पूर्ण झालंय, खालची तुरपाई मी हाताने केलीये, स्टेपलरची गरज पडणार नाही. जुन्या अस्तराचे तुकडे घडी करून खिशात ठेवलेत. फक्त डाव्या मुंढ्याजवळ मी वीतभर उघडं सोडलंय. विसरले नाही, मुद्दाम सोडलंय. भाचीचे खांदे सरळ आहेत. आप्पांचे ते दोन थर तिच्या अंगावर राहिले तर तिचा डावा खांदा वर उचललेला दिसेल. ते काढावेच लागतील. मी दोनदा सुई घेऊन बसले, पण माझ्याने झालं नाही. आणि मी काढू नयेच. या कोटात मी आधीच खूप हात घातलाय.

तू काढ. कात्री लावू नकोस. टाक्याखाली सुईचं टोक घालून हळूच ओढ, गाठ नसल्यामुळे दोरा आपोआप सुटत येईल. भाचीला शेजारी बसव आणि तिच्या देखत काढ. मी तुला लिहिलंय ते सगळं तिला सांग, माझंही सांग, काही झाकू नकोस. आणि तिच्या व्हायोलिनांबद्दल तुला जे काही वाटतं, चांगलं-वाईट, तेही तिच्या तोंडावर बोल. तिला कोट बघून कळेल यावर राहू नकोस. आप्पांनी तेच केलं होतं.

ते उघडं राहिलेलं शिवायला दहा मिनिटं पुरतात. तिथला कुठलाही शिंपी शिवून देईल. किंवा मला बोलाव, मी सुई-दोरा घेऊन येते. बोलवायलाच हवं असं नाही. आप्पांनी सहा वर्षं पोस्टमनची वाट बघितली, तेवढी तरी मला बघू दे.

दुकानात आहे, रोज नऊ ते सात.

ताई